वरच्या पलंगाची चादर

दुमजली पलंगाच्या वरच्या गादीला चादर घालताना शिडीवर गुडघा टेकवायचा नाही, हे हॉस्टेलात पलंग करणाऱ्या देओलिंदाने योरीनला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. पाय जमिनीवर घट्ट ठेवायचे, चादरीचे भिंतीकडचे दोन कोपरे मुठीत धरायचे आणि कोळ्याने जाळे फेकावे तशी ती पलीकडे फेकायची. कोपरा बरोबर बसला तर उरलेली चादर आपसूक अंगाशी येते. नाही बसला तर ओढून घेऊन पुन्हा फेकायची, पण वर चढायचे नाही.

"चढलीस की गुडघा गेला," ती म्हणाली होती, "आणि गुडघा काही मालक भरून देत नाही."

योरीनला ते वाक्य गमतीचे वाटले होते. एकोणिसाव्या वर्षी गुडघा ही जाणारी वस्तू आहे असे कुणाला वाटत नाही.

ती नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या आस्सन गावची. शाळा संपवून विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष युरोप पायाखाली घालायचा, आणि तोही वडिलांच्या पैशाला हात न लावता, असे तिने ठरवले होते. आदल्या उन्हाळ्यात काचघरात टोमॅटो तोडून साठवलेली रक्कम, तरुणांसाठीचा रेल्वेचा पास, पाठीवर नऊ किलोंची पिशवी आणि दिवसाला पंचवीस युरोची मर्यादा एवढ्यावर ती निघाली होती. व्हेरोनाला ती स्थानकातल्या बाकावर झोपली. मार्सेलच्या हॉस्टेलात, निघून जाणारे लोक उरलेसुरले अन्न ज्या फळीवर ठेवून जातात, त्या फळीवरच्या अन्नावर तिने चार दिवस काढले. या साऱ्याची पत्रे ती घरी लिहीत असे, आणि आई ती शेजाऱ्यांना वाचून दाखवत असे. पोर्तोला पोहोचेपर्यंत पासचे दिवस संपले आणि पैशांची पुरचुंडीही हलकी झाली. मग तिने तेच केले जे तिच्यासारखे सगळे करतात: एका हॉस्टेलात दिवसाला पाच तास काम आणि बदल्यात एक पलंग व सकाळची न्याहारी, असा सौदा. या सौद्याने येणाऱ्यांना तिथे स्वयंसेवक म्हणत. ते न्याहारी मांडत, रिसेप्शनवर बसत, संध्याकाळी पाहुण्यांना शहर फिरवून आणत. पलंग आणि फरश्या मात्र देओलिंदाकडे होत्या, आणि तिला त्याचा पगार होता.

देओलिंदा पासष्ट वर्षांची, ठेंगणी, हाडापेराने मजबूत बाई होती. तरुणपणी अकरा वर्षे लक्झेंबर्गमध्ये कचेऱ्या झाडल्यामुळे तिला फ्रेंच येत असे, आणि योरीनला शाळेत शिकलेले फ्रेंच येत असे. त्या दोघींचे जमले ते या उसन्या भाषेमुळे. पूर्वी ती हॉस्टेलच्या मागच्याच गल्लीत राहायची. आता तिथली घरे पर्यटकांना भाड्याने जात, प्रत्येक दाराशी त्यांच्यासाठी किल्लीची छोटी पेटी लटकत होती, आणि देओलिंदा शहराबाहेरच्या गोंदोमारहून दोन बस बदलून येत होती.

"ऑक्टोबरअखेर माझा करार नवा होईल," तिने एकदा उशीला अभ्रा चढवता चढवता सांगितले होते. "सहा महिन्यांचा. म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये माझं पेन्शनचं वय भरतं. त्याआधी घरी बसवलं, तर पेन्शन कापून मिळतं, आणि ते कापलेलं जन्मभर कापलेलंच राहतं. तेवढे सहा महिने हा खुबा टिकला की सुटले."

"टिकेल की," योरीन म्हणाली होती.

"तुझ्या तोंडात साखर पडो."

सप्टेंबरच्या अखेरीस एके दिवशी योरीन टॉवेल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली तेव्हा देओलिंदा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली दिसली. तिने एक मूठ उजव्या खुब्यात रोवली होती आणि ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. योरीनला पाहताच ती उठली, पण उठायला कठडा धरावा लागला.

"तिसरा मजला मी करते," योरीन म्हणाली.

"ते तुझं काम नाही. तुमचं काम न्याहारी."

"मला वेळ असतो. आणि चादर फेकायला तुम्हीच शिकवलंत."

देओलिंदाने खाली जिन्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कर. पण कागदावर माझं अक्षर घाल."

चादरींच्या कपाटाच्या दारावर रोज एक कागद लावलेला असे. त्यावर खोल्यांचे क्रमांक छापलेले असत, आणि ज्याने खोली आवरली त्याने क्रमांकापुढे आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे असे. आजवर त्या कागदावर वरपासून खालपर्यंत देओलिंदाचेच अक्षर असायचे.

तीन आठवडे असेच चालले. सहा पलंगांची खोली योरीन अकरा मिनिटांत करू लागली. देओलिंदा तिच्यासाठी घरून अल्युमिनियमच्या डब्यात कोबीचे दाट सूप आणि मक्याचा पाव आणू लागली. त्यामुळे योरीनचे दुपारचे जेवण सुटले आणि दिवसाचा खर्च सहा युरोंवर आला. "इथली एक आजी मला रोज जेवू घालते," असे तिने घरी लिहिले. तिसऱ्या मजल्याबद्दल लिहिले नाही. ते एवढे महत्त्वाचे वाटले नाही.

तिच्याबरोबरचा दुसरा स्वयंसेवक झिगा हा ल्युब्लियानाचा होता. सव्वीस वर्षांचा, तीन वर्षे असाच फिरणारा, आणि कुठल्याही गोष्टीकडे तिरकसच पाहणारा.

"आपण कोण आहोत ठाऊक आहे?" न्याहारीच्या बशा पुसताना तो म्हणे. "परतीचं तिकीट खिशात ठेवून फिरणारे गरीब. गरिबांना आपला राग येत नाही, कारण आपण त्यांच्यासारखंच खातो. श्रीमंतांना येत नाही, कारण आपण त्यांचीच पोरं. असा सुखी वर्ग जगात दुसरा नाही."

"तुझे वडील श्रीमंत आहेत?"

"दंतवैद्य आहेत, बाई. तुझे?"

"धरणखात्यात."

"झालं तर मग."

योरीन हसली, पण कागदावरचे ते अक्षर तिला खुपू लागले होते. आपण केलेल्या खोलीपुढे दुसऱ्याचे नाव लिहायचे, म्हणजे रोज सहा वेळा खोटे लिहायचे. त्यात थोडे आणखीही काही होते, जे तिने स्वतःशी पुरते कबूल केले नाही: इतक्या नीट घातलेल्या चादरींपुढे आपले नाव असावे असे तिला वाटत होते. पण वरचेवर तिच्या मनात जे येई ते निराळेच होते, आणि ते ती घरून घेऊन आली होती. तिच्या गावी शेजाऱ्याच्या कुंपणाचा वाद असो की शाळेच्या वेळापत्रकाचा, सगळे एका टेबलाभोवती बसत. कॉफी येई, प्रत्येकाला एक बिस्कीट मिळे, जो तो आपले म्हणणे तोंडावर स्पष्ट बोले, आणि मग प्रत्येकजण थोडेथोडे सोडून उठे. अडचण लपवली की कुजते, मांडली की सुटते, असे आई म्हणायची. एकोणीस वर्षांत त्या टेबलावरून आपली भाकरी गमावून उठलेला माणूस योरीनने पाहिला नव्हता. असा माणूस असू शकतो, हे तिच्या कल्पनेतही नव्हते.

तेव्हा तिने ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कागदावर स्वतःचे अक्षर घातले. देओलिंदाचा खुबा, तिच्यावरचा भार, तिन्ही मजले, सारे त्या कागदावर डोळ्यांनी दिसले पाहिजे, म्हणजे काहीतरी व्यवस्था होईल. तिने देओलिंदाला विचारले नाही. मानी बाई आहे, स्वतःसाठी मागणार नाही; झाल्यावर तिला बरेच वाटेल, असे ती धरून चालली. आणि गुरुवारी ती मालकाकडे गेली.

मालक तोमे चौतीस वर्षांचा होता. स्वतः दोन वर्षे पाठीवर पिशवी टाकून फिरलेला, म्हणून स्वयंसेवकांशी बरोबरीने बोलणारा. त्याने तिच्यासाठी कॉफी केली. योरीनला ते शुभचिन्ह वाटले.

"देओलिंदाला तिसरा मजला झेपत नाही," ती म्हणाली. "तिचा खुबा दुखतो. मी करते आहे सध्या, पण मी काही कायमची नाही. तिला मदतीला कुणीतरी हवं. नाहीतर तिचं काम थोडं कमी करायला हवं."

"बरं झालं बोललीस," तोमे म्हणाला. त्याने खुर्ची जवळ ओढली. "किती दिवस करतेयस?"

"तीन आठवडे."

"सबंध मजला? एकटी?"

"हो."

"तुझ्या पाच तासांत? न्याहारी धरून?"

"कधी साडेपाच होतात," योरीन म्हणाली, आणि तिला अभिमान वाटला.

"पाहुण्यांची काही तक्रार?"

"एकही नाही."

"बघतो," तो म्हणाला. "नीट बघतो मी हे."

तो खरोखरच नीट बघत होता, हे तिला पुढे कळले. सोमवारी दुपारी योरीन तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत असताना देओलिंदा वर आली. इतक्या दिवसांत ती प्रथमच वर चढत होती, आणि तिची पावले जिन्यावर एकेक करून ऐकू येत होती. दारात उभी राहून तिने आधी श्वास जमवला. हातात घडी केलेला एक कागद होता.

"कपाटावरच्या कागदावर तुझं अक्षर कधीपासून आहे?"

"गेल्या सोमवारपासून. मी सांगणारच होते तुम्हाला. तोमेशी बोलले मी तुमच्यासाठी. त्याला म्हटलं, तुम्हाला झेपत नाही हे सगळं—"

"झेपत नाही, असं म्हणालीस?"

"मदत मिळावी म्हणून."

"मिळाली," देओलिंदा म्हणाली. "एक नोव्हेंबरपासून मला काहीच करायचं नाहीये."

योरीनच्या हातात चादरीचे दोन कोपरे होते. ते सोडावेत की धरून ठेवावेत हे तिला कळेना.

"तो असं करू शकत नाही."

"करार संपतो आहे. संपलेला करार नवा करायलाच हवा असा काही कायदा नाही. पत्र सभ्य आहे. सहा वर्षांबद्दल आभार मानले आहेत." तिने कागद एप्रनच्या खिशात घातला. "पलंग यापुढे तुम्ही लोक करणार. दोघी नव्या येतायत म्हणे."

"मी आत्ता खाली जाते. सांगते की मी खोटं बोलले. तिसरा मजलाही तुम्हीच करत होता असं सांगते."

"आता खोटं बोलशील?" देओलिंदाने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता. "माझं अक्षर लिहायचं होतं तेव्हा तुला जड गेलं."

योरीन रडू लागली. देओलिंदा ते पाहत राहिली. जवळ आली नाही, निघूनही गेली नाही.

"तू वाईट नाहीस, पोरी," ती अखेर म्हणाली. "वाईट असतीस तर मी सावध राहिले असते." आणि कठडा धरून ती जिना उतरू लागली.

योरीन खाली गेली ती डोळे न पुसताच. तोमेने तिला बसवले. या वेळी कॉफी नव्हती.

"जानेवारीपासून इमारतीचं भाडं वाढतंय," तो म्हणाला. "हिवाळ्यात निम्मे पलंग रिकामे असतात. मला तिच्याबद्दल काही वाटत नाही असं समजू नकोस. वाईट वाटतंय. पण तू बोलायच्या आधी मला खरंच ठाऊक नव्हतं की हे काम पगाराशिवायही होतं."

"तिचे सहाच महिने उरलेत. पेन्शनला."

"प्रत्येकाचं काहीतरी उरलेलंच असतं, योरीन."

"मग मीही जाते. कोण करणार चादरी?"

"पुढच्या गुरुवारी दोघी येतायत. त्यांच्यामागं यादीत अडतीस नावं आहेत." त्याने हे धमकी म्हणून सांगितले नाही, खरे तर त्यालाच थोडे ओशाळल्यासारखे झाले होते. "सगळी तुझ्यासारखीच. हसरी, मेहनती. पण तू जाऊ नयेस असं मला वाटतं. या लोकांना शिकवणारं, कामं वाटून देणारं कुणीतरी हवं. वरची माळ्यावरची खोली तुला देतो. एकटीला. नदी दिसते तिथून."

चार महिने योरीन अनोळखी माणसांच्या श्वासांत झोपत आली होती. दार लावता येईल अशी खोली तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती एक क्षण गप्प राहिली. फक्त एक क्षण. मग ती नाही म्हणाली. पण त्या क्षणाची आठवण पुढे तिला देओलिंदाच्या शब्दांहून अधिक छळणार होती.

तिने झिगाला गाठले. तो गच्चीवर टॉवेल वाळत घालत होता.

"आपण सगळ्यांनी काम थांबवू या."

"संप?"

"हो, संप."

"संप करायला पगार लागतो, बाई," झिगा म्हणाला. "आपल्याकडे थांबवण्यासारखं काय आहे? आपण थांबलो तर त्याला म्हणतात 'पुढच्या गावी गेलो'. रोजच कुणी ना कुणी जातं. परवा मीही जातोय, तारिफाहून बोट पकडून मोरोक्कोला." त्याने चिमटा लावला, आणि मग तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, "तुला मागे बोललो होतो ते विसर. गरिबांना आपला राग येत नाही, ते."

देओलिंदाचा शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी होता. आदल्या दिवशी आलेल्या दोन मुली, एक लिथुएनियाची आणि एक बेल्जियमची, कपाटाशी हात मागे बांधून उभ्या होत्या. त्या दोघींना पोर्तो अतिशय आवडले होते.

"यांना जरा चादरीची ती युक्ती दाखवाल का?" तोमेने देओलिंदाला विचारले. "अर्धा तास. तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही."

"तिला येतं," देओलिंदा योरीनकडे न पाहता म्हणाली. "तिला सांगा."

तोमे योरीनकडे वळला. मुलीही वळल्या. योरीनने मान हलवून नकार दिला आणि ती भटारखान्यात निघून गेली. थोड्या वेळाने देओलिंदा कोट घालून, रुमाल बांधून तिथे आली.

"माझा डबा."

योरीनने तो धुऊन पुसून ठेवला होता. देओलिंदाने झाकण उघडून आत पाहिले, पुन्हा लावले आणि डबा पिशवीत टाकला.

"आता काय करणार तुम्ही?" योरीनने विचारले.

"कापलेलं घेईन. वर कुणाच्या घरी दोन फरश्या पुशीन. खुबा आहे तोवर." ती दाराशी थांबली. "आणि तू?"

"मीही जाते आहे. उद्याच. इथं राहणार नाही मी."

हे सांगताना योरीनच्या मनात कुठेतरी आशा होती की देओलिंदाला त्याचे काही वाटेल. देओलिंदाने मान डोलावली.

"हो," ती म्हणाली, "तुला जाता येतं."

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या बसमध्ये योरीनला बरेच तास हलके वाटत होते. ती निघून आली होती. माळ्यावरची खोली तिने नाकारली होती. एवढे तरी तिने केले होते. मग फोन वाजला. ज्या संकेतस्थळावरून तिला पोर्तोचे काम मिळाले होते, तिथे तोमेने तिच्याविषयी शेरा लिहिला होता. मनात काही धरून न ठेवता पाचपैकी पाच तारे दिले होते. "योरीन प्रामाणिक आहे," त्याने लिहिले होते, "आणि एकटी दोन माणसांचे काम करते." त्याखालोखाल लागूश गावच्या एका हॉस्टेलचा निरोप आलेला होता: पलंग, न्याहारी, समुद्र पाच मिनिटांवर, कधी येऊ शकाल?

तिने खिडकीबाहेरची बुचाची झाडे मागे जाताना पाहिली. हॉटेलात खोली घेऊन राहायचे तर पैसे आठ दिवस पुरले असते, आणि घरी परतायचे तर आईला सारे सांगावे लागले असते. तिने उत्तर लिहिले, "उद्या. पण फक्त रिसेप्शन. पलंग करणार नाही." पलीकडून लगेच होकाराचा अंगठा आला.

लागूशच्या हॉस्टेलात पलंग करणारी बाई पन्नाशीची होती. तिचे नाव योरीनने मुद्दामच विचारले नाही. चौथ्या दिवशी सकाळी योरीन आपली पिशवी घ्यायला खोलीत गेली, तेव्हा ती बाई खिडकीजवळच्या पलंगाशी चादर घेऊन उभी होती. वरची गादी भिंतीला भिडली होती आणि पलीकडचा कोपरा हाताला येत नव्हता. तिने योरीनकडे पाहून संकोचाने हसत काहीतरी विचारले. योरीनला पोर्तुगीज येत नव्हती, पण हाताची खूण कळण्यासारखी होती: त्या बाजूने जरा धरतेस का?

योरीनचे हात उठले होते. दोन कोपरे, एक फेक, दोन सेकंदांचे काम. तिला कपाटाच्या दारावरचा कागद आठवला, आणि तोमेचा प्रश्न: सबंध मजला? एकटी? तिने हात पुन्हा खाली घेतले आणि सावकाश, स्पष्ट इंग्रजीत सांगितले की ते तिचे काम नाही.

बाईला शब्द कळले नसावेत, स्वर कळला. ती हसायची थांबली, मान हलवून तिने ठीक आहे असे दर्शवले, आणि पुढच्या पलंगाकडे वळेल असे वाटत असतानाच चादर खांद्यावर टाकून तिने शिडीवर गुडघा टेकवला.

योरीन पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. दुसरा गुडघाही वर गेला. शिडी करकरली. बाई गादीवर ओणवी होऊन रांगत पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, चादर खोचली, आणि तशीच उलट्या पावली, पाय चाचपत, खाली येऊ लागली. खोलीत अजून सात पलंग होते.